वाक्याचं शेवटचं अक्षर

भोंगे हे काही त्यांचं आडनाव नव्हतं. मोठ्या बस स्टँडवर ते गाड्यांची घोषणा करायचे, आणि आवाज असा, की वीज गेली तरी पार टोकाच्या फलाटावरच्या माणसाला आपली गाडी कळायची. म्हणून कुणीतरी त्यांना भोंगा म्हणायला लागलं. पुढे केस पिकले, हाताखाली माणसं आली, तसा भोंग्याचा भोंगेसाहेब झाला. नवीन लागलेले कंडक्टर तर हेच त्यांचं आडनाव समजायचे. एकाच्या लग्नाच्या पत्रिकेवर तसंच लिहून आलं होतं. साहेबांनी दुरुस्त केलं नाही. उलट लग्नाला जाऊन जेवून आले.

स्टँडच्या वरच्या मजल्यावर काचेची एक खोली होती. टेबल, माइक, लाल दिव्याचं बटण, खाली गाड्यांची रांग. तिथे बसून त्यांनी उभी नोकरी काढली. निवृत्तीला थोडाच अवधी उरला असताना त्यांचा घसा बसला. बसला तो उठेचना. गुळण्या झाल्या, गोळ्या झाल्या, आणि मग डॉक्टरांनी फोटो समोर धरून सांगितलं, गाठ आहे, स्वरयंत्र काढावं लागेल.

बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलती एक मुलगी लग्न होऊन इतकी लांब गेलेली, की तिच्याकडे संध्याकाळ व्हायची तेव्हा यांच्याकडे दुपार असायची. तिला फोनवर कळवलं तेव्हा ती म्हणाली, "बाबा, मी येते ऑपरेशनला."

"काही नको येऊस. तुझी नोकरी, पोराची शाळा. इथे सगळे आहेत की."

हे 'सगळे' म्हणजे कोण, ते तिनं विचारलं नाही. यांनीही सांगितलं नाही. ती आली नाही.

ऑपरेशनच्या आधी दवाखान्यातल्या बोलण्याचा व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी त्यांना एक गोष्ट सुचवली. जगभरातल्या हौशी लोकांनी मिळून बनवलेला एक फुकट प्रोग्राम होता. आपल्या आवाजात भरपूर वाक्यं वाचून त्याला दिली, की तो त्या आवाजाचा साचा बनवायचा. मग कॉम्प्युटरवर टाइप करायचं, आणि बोलायचा तो, तुमच्याच आवाजात. साहेबांनी झोपायच्या खोलीच्या खिडक्यांवर चादरी टांगल्या, पंखा बंद केला आणि जो काही आवाज शिल्लक होता तो त्या यंत्रात ओतला. वाक्यं मोठी मजेदार होती. 'शेजारच्या दारात दोन सायकली उभ्या आहेत.' 'काकूंनी कात्री कपाटात ठेवली का?' हाडाचा घोषणा करणारा माणूस, त्यामुळे त्यांनी ती सगळी वाक्यं फलाटाच्या चालीवर वाचली. परिणाम असा झाला, की पुढे यंत्रातून 'चहात साखर कमी आहे' असं म्हटलं तरी कुठली तरी गाडी सुटत असल्यासारखं वाटायचं.

ऑपरेशन नीट झालं. गळ्याला भोक, त्यावर पातळ रुमाल, श्वास तिथूनच. घरी आले आणि घर अचानक मोठं झालं. एकटा माणूस घरात किती बोलतो, हे बोलणं बंद झाल्यावर कळतं. दूध उतू गेलं की 'अरे अरे', किल्ली सापडली की 'ही बघ', आरशात बघून 'चला साहेब'. ते सगळं गेलं. दुकानात ते बोट दाखवायचे. स्टँडवरचे सहकारी सुरुवातीला भेटायला यायचे, पण ज्याच्याशी बोलायचं तो टाइप करतोय आणि आपण चपलांकडे बघत बसलोय, हे फार वेळ कुणाला जमत नाही. येणं विरळ झालं. वाईट कुणीच नव्हतं.

मुलीचा फोन मात्र दर रविवारी दुपारी यायचा. कॉम्प्युटरच्या पडद्यावर ती दिसायची, मागे तिचं स्वयंपाकघर दिसायचं. ती बोलायची, हे टाइप करायचे, यंत्र बोलायचं. मधल्या वेळेत ती "हॅलो, बाबा, आवाज येतोय ना?" असं विचारायची, आणि मग यांचं उत्तर येईस्तोवर दुसऱ्याच विषयावर गेलेली असायची.

अशाच एका रविवारी तिनं एकदम विचारलं, "बाबा, खरं सांगा. मी ऑपरेशनला आले नाही म्हणून तुम्ही रागावलात का?"

साहेबांनी टाइप केलं, 'मी तुझ्यावर रागावलो नाही.' बटण दाबलं. आणि यंत्र त्यांच्याच जुन्या आवाजात म्हणालं, "मी तुझ्यावर रागावलो ना."

शेवटचं 'ही' गायब.

पडद्यावर मुलीचा चेहरा उतरला. साहेबांनी घाईघाईनं पुन्हा बटण दाबलं. पुन्हा तेच. "रागावलो ना." म्हणजे दोनदा ठासून सांगितल्यासारखंच झालं. ती "बरं" म्हणाली. मग "पोराला आंघोळ घालायचीय" म्हणाली, आणि फोन ठेवला.

त्यांनी लगेच मेसेज पाठवला, 'यंत्र बिघडलंय. मी "नाही" म्हणालो होतो.' तिचं उत्तर आलं, 'ठीक आहे बाबा.' पण त्या उत्तराला काही चव नव्हती. लिहिलेलं तिनं वाचलं होतं खरं, पण ऐकलं होतं ते बापाच्या तोंडचं. लहानपणापासून ज्या आवाजावर तिचा विश्वास, तोच आवाज म्हणाला होता, रागावलो ना.

दोनच दिवसांपूर्वी प्रोग्रामचं नवीन अपडेट आलं होतं. तेव्हापासून हे चालू होतं, आणि साहेबांनी 'होईल आपोआप नीट' म्हणून सोडून दिलं होतं. आता त्यांना दम निघेना. प्रोग्राम वापरणाऱ्यांचा इंटरनेटवर एक फोरम होता. त्यात सगळे टोपणनावांनीच वावरायचे. साहेबांनी 'भोंगा' नावानं खातं उघडलं आणि लिहिलं:

'तातडीची मदत हवी!!! आवाज नीट येत नाही. फार अडचणीत आहे. कुणीतरी लवकर सांगा.'

तासाभरात पहिलं उत्तर आलं. लिहिणाऱ्याचं टोपणनाव होतं 'पक्कड'.

'नीट येत नाही म्हणजे काय? येतच नाही, तुटतो, की खरखरतो? कुठलं व्हर्जन? हे कधीपासून? त्याआधी काय बदललं? तुम्ही काय काय करून पाहिलं? फोरमच्या वर "प्रश्न विचारण्याआधी" असं पान आहे, ते वाचलंत का?'

साहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. बुडत्या माणसाला पोहण्याचे नियम वाचलेत का म्हणून विचारावं, तसं झालं. त्यांनी लांबलचक उत्तर लिहिलं. त्यात गाठ आली, ऑपरेशन आलं, बायकोचं जाणं आलं, उभी हयात लोकांना वाट दाखवल्याचं आलं, 'तुमच्यासारख्या बसल्या जागी शहाणपण शिकवणाऱ्यांना दुसऱ्याचं दुःख काय कळणार' हेही आलं. मुलीचं तेवढं नाही आलं. त्याखाली मग लोकांनी फुलं वाहिली. 'काका, धीर सोडू नका.' 'तुमच्या जिद्दीला सलाम.' जोडलेल्या हातांची चित्रं. कुणी म्हणालं कॉम्प्युटर बंद करून चालू करा, कुणी म्हणालं नवीनच घ्या. उंटावरून शेळ्या हाकणं कुठेही फुकटच असतं. पक्कड काही बोलला नाही.

पुढचे काही दिवस साहेब ती फुलं पुन्हापुन्हा वाचत बसले. इतकं गोड त्यांच्याशी कित्येक महिन्यांत कुणी बोललं नव्हतं. पण वाचून झालं की बटण दाबून बघायचे, आणि यंत्र म्हणायचं, "मी तुझ्यावर रागावलो ना."

रविवार आला. मुलीनं 'आज बाहेर जातोय' असं कळवलं. साहेबांनी दुपारी दोन पोळ्या उरवल्या, भांडी घासली आणि त्या पक्कडचं उत्तर पुन्हा उघडलं. राग जरा निवला होता. निवल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की एवढ्या मंडळींत आपल्याला काहीतरी विचारलं ते या एकट्यानंच. बाकी सगळ्यांनी समजूत घातली होती. यानं मात्र कळून घ्यायचा प्रयत्न केला होता.

आणि त्यांना काचेच्या खोलीखालची चौकशीची खिडकी आठवली. तिथला माणूस जेवायला गेला की साहेबच खाली येऊन बसायचे. लोक धापा टाकत यायचे आणि विचारायचे, "साहेब, गाडी गेली का?" कुठली गाडी, ते कुणी सांगायचं नाही. विचारणाऱ्याच्या मनात जगात एकच गाडी असायची, त्याची. साहेब खेकसायचे, "अहो, स्टँड आहे हा! कुठली गाडी? कुठे जायचंय?" लोकांना वाटायचं, काय कडू माणूस आहे. पण गाडीचं नाव कळल्याबरोबर हाच कडू माणूस माइक धरून ती गाडी थांबवायचा.

त्यांनी ते 'प्रश्न विचारण्याआधी' पान उघडलं. स्टँडवर लावलेल्या सूचना आयुष्यात कुणी वाचल्या नाहीत म्हणून त्यांचा जळफळाट व्हायचा, आणि इथे त्यांनी स्वतः तेच केलं होतं. पानावर फार काही नव्हतं. शीर्षकात नेमकं दुखणं लिहा. काय करायला गेलात, काय व्हायला हवं होतं, काय झालं, ते वेगवेगळं सांगा. आपला अंदाज आणि प्रत्यक्ष पाहिलेलं यांची सरमिसळ करू नका. दुसऱ्याला घरबसल्या तोच बिघाड करून बघता येईल, असं लहानात लहान उदाहरण द्या. आणि त्याआधी स्वतः थोडं शोधा.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून साहेब कामाला लागले. नेमकं घोडं कुठे पेंड खातंय, ते बघायचं. आधी त्यांना वाटलं, 'ही' हे अक्षरच यंत्राला जमत नसेल. म्हणून 'मी आलो' टाइप केलं. यंत्र म्हणालं, "मी आ." म्हणजे 'ही'चा दोष नव्हता, शेवटच्या कुठल्याही अक्षराचा होता. मग दोन वाक्यं दिली. पहिलं पूर्ण आलं, दुसऱ्याची शेपटी तुटली. मग प्रोग्रामबरोबर आलेला परका आवाज लावून बघितला. त्याचीही शेपटी तुटली. हे कळल्यावर त्यांना इतकं हायसं वाटलं, की ते उठून पाणी प्यायले. आपला आवाज शाबूत होता.

स्पीकर बदलला, तेच. कानाला लावायची बोंडं लावली, तेच. मग मेनूत एक जागा सापडली, तिथून आवाज न वाजवता नुसता फाइलमध्ये साठवता यायचा. त्यांनी वाक्य साठवलं आणि फाइल उघडली.

"मी तुझ्यावर रागावलो नाही."

पूर्ण. स्वच्छ. 'ही'सकट.

मात्र या सगळ्या खटाटोपात दुसरंच एक काहीतरी झालं होतं. बिघडलं होतं ते वाक्य हेच, म्हणून पारखायलाही साहेबांनी बहुतेक वेळा हेच घेतलं होतं. सकाळपासून त्यांचा स्वतःचा आवाज, ऑपरेशनच्या आधीचा, त्या रिकाम्या घरात पुन्हापुन्हा म्हणत होता, रागावलो ना, रागावलो ना. आणि आता तोच आवाज 'रागावलो नाही' म्हणाला, तेव्हा त्यांना ते खोटं वाटलं. ते खुर्चीत मागे टेकले. दवाखान्यातली खिडकी आठवली. शेजारच्या खाटेवरच्या माणसाची तिन्ही मुलं आळीपाळीनं येऊन त्याचे पाय चेपायची, ते आठवलं. येऊ नकोस असं आपणच म्हणालो होतो. आणि तरीही ती येईल म्हणून आपण दाराकडे बघत होतो. रागावलो होतो की. चांगलेच रागावलो होतो.

त्या दिवशी त्यांनी आणखी काही केलं नाही. प्रश्न लिहिला तो दुसऱ्या दिवशी, आणि पाठवण्याआधी तीनदा खोडला.

'नवीन अपडेटनंतर वाक्याचं शेवटचं अक्षर ऐकू येत नाही, पण फाइलमध्ये साठवलं तर पूर्ण येतं,' हे शीर्षक. खाली व्हर्जन, मग थोडक्यात हकिगत: 'अपडेटच्या आधी असं होत नव्हतं. "मी आलो" टाइप केल्यावर "मी आ" एवढंच ऐकू येतं. दोन वाक्यं दिली तर फक्त दुसरं तुटतं. आवाज बदलून, स्पीकर बदलून, कानाला लावून पाहिलं, फरक नाही. फोरमवर जुने प्रश्न शोधले, त्यात खरखरीबद्दल आहे, याबद्दल सापडलं नाही. माझा अंदाज असा की आवाज पूर्ण बनतोय, वाजवताना काहीतरी होतंय. पण हा अंदाजच आहे. ता. क. मागच्या वेळी मी फार तोडून बोललो. माफ करा.'

पक्कडचं उत्तर दुपारच्या आत आलं.

'आता कळलं. तुमचा अंदाज बरोबर आहे. आवाज बाहेर पडायच्या आधीच प्रोग्राम दार लावून घेतोय. माझ्या मशीनवर "मी आलो" टाकून बघितलं, माझाही "मी आ" झाला. सेटिंगमध्ये "वाक्यानंतरची शांतता" असा एक रकाना आहे. अपडेटनं तो शून्यावर आणून ठेवलाय. तो अर्ध्या सेकंदावर न्या. बनवणाऱ्यांना मी कळवतो. ता. क. ची गरज नव्हती.'

साहेबांनी रकाना शोधला, शून्याच्या जागी अर्धा सेकंद टाकला आणि बटण दाबलं. 'ही' परत आलं होतं.

त्या प्रश्नाखाली मग वेगळीच माणसं जमली. एका बाईंनी लिहिलं, की त्यांचा भाऊ गेले काही दिवस प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'अं' टाइप करत होता आणि घरातले त्याला हसत होते. आणखी एकानं नुसतं 'सुटलं' एवढंच लिहिलं. या वेळी कुणी कुणाला धीर दिला नाही, आणि साहेबांना त्यात जास्त बरं वाटलं.

त्यांनी पक्कडचे आभार मानले. मग तेवढ्यावर थांबवेना, म्हणून खाली लिहिलं, 'तुम्ही कुठे असता? घरी कोण कोण आहे? दिवसभर काय करता?' फोरम सांभाळणाऱ्यानं ते सभ्यपणे काढून टाकलं. हा मंच प्रोग्रामविषयीच्या प्रश्नांसाठी आहे, अशी ओळ आली. बरोबरच होतं ते. साहेबांनी कॉम्प्युटरचं झाकण लावलं आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. खाली कुणीतरी गाडी मागे घेत होतं आणि दुसरं कुणीतरी त्याला 'येऊ द्या, येऊ द्या' करत होतं. ते संपेपर्यंत ते बघत राहिले.

पक्कडचं खासगीत काही येईल असं त्यांना वाटत होतं. आलं नाही.

पुढच्या रविवारी मुलीचा फोन आला. हवापाणी झालं, पोराच्या पडलेल्या दाताचं झालं. ती जपून बोलत होती, काच उचलल्यासारखी. साहेब टाइप करायला लागले. ती "हॅलो, बाबा?" म्हणाली, तसा त्यांनी पडद्यासमोर तळहात धरला, थांब म्हणून. ती थांबली.

"त्या दिवशी यंत्रानं माझं शेवटचं अक्षर खाल्लं," यंत्र म्हणालं. "आता दुरुस्त केलंय. पण खरं सांगतो. मी रागावलो होतो. आता नाही."

'नाही' पूर्ण ऐकू आलं.

मुलगी पडद्याजवळ सरकली. मग म्हणाली, "तुम्हीच म्हणालात येऊ नकोस म्हणून."

"म्हणालो."

"मी तिकीट काढलं होतं बाबा. तुम्ही म्हणालात सगळे आहेत, म्हणून रद्द केलं. कोण होतं?"

"शेजारचे एकदा येऊन गेले," यंत्र म्हणालं. साहेबांनी पुन्हा टाइप केलं, "दुसरं कुणी नव्हतं."

ती रडायला लागली. फलाटाच्या चालीवर बोलणाऱ्या त्या आवाजात तिची समजूत कशी घालावी, ते साहेबांना कळेना. म्हणून त्यांनी घातली नाही. ते नुसते समोर बसून राहिले. पलीकडून पोरानं "आई, काय झालं?" म्हणून विचारलं आणि ती "काही नाही, आजोबांशी बोलतेय" म्हणाली.

ती सावरली, तेव्हा साहेबांनी टाइप केलं, 'जमलं तर ये कधीतरी.' बटण दाबण्याआधी ते वाचलं. यावर काय उत्तर येईल, ते त्यांना ठाऊक होतं. 'बघते हं बाबा.' त्यांनी ते पुसलं आणि नव्यानं लिहिलं.

"पुढच्या महिन्यात पोराला सुट्टी आहे. आठ दिवस माझ्याकडे राहायला येशील का? मला तू हवी आहेस."

"बाबा, सुट्टी मिळेल का ते उद्या विचारते," ती म्हणाली. "मिळाली तर येते. नाही मिळाली तर तसं स्पष्ट सांगते. चालेल?"

"चालेल."

सुट्टी आठ दिवसांची नाही, चार दिवसांची मिळाली. दोघं आली. पहिला दिवस ती साहेबांचं टाइप करून होण्याआधीच वाक्यं पुरी करायची आणि बहुतेक चुकीची पुरी करायची. मग तिचं तिलाच कळलं आणि ती गप्प बसायला शिकली. नातवाला यंत्राचं वेड लागलं. साहेबांनी त्याच्यासाठी घरातल्या घरात न्हाणीघराकडे जाणाऱ्या गाडीची घोषणा केली आणि तो टॉवेल घेऊन रांगेत उभा राहिला. रात्री तो झोपल्यावर मुलगी बापाच्या गळ्यावरचा रुमाल धुऊन वाळत घालायची.

चौथ्या दिवशी ती गेली. टॅक्सी वळणाआड गेल्यावर साहेब जिना चढून वर आले. घर पुन्हा पहिल्याएवढं मोठं झालं होतं. न्हाणीघराच्या दारात ओला टॉवेल पडला होता. तो उचलून त्यांनी दोरीवर टाकला, चिमटे लावले, आणि पंख्याच्या आवाजात थोडा वेळ तसेच उभे राहिले. मग पोटात भूक लागल्याचं जाणवलं, तसे कुकर लावायला आत गेले.